प्रवासाचं यंत्र

उमाकांत खरवंडीकर झोपेत मरतात, हे त्यांच्या बायकोला माहीत होतं. त्यांना स्वतःला नव्हतं. झोपलेल्या माणसाला अशा गोष्टी कळत नाहीत, आणि जागा झालेला माणूस त्या ऐकून घेत नाही.

आधी घोरणं सुरू व्हायचं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतल्या हाउसिंग बोर्डाच्या भिंतींनी ते निमूटपणे पलीकडे पोचवलं होतं आणि पलीकडच्या माथुरांनी ते स्वीकारलं होतं. पण मधेच ते घोरणं थांबायचं, आणि त्यासोबत श्वासही. खोलीत इतकी शांतता पसरायची की मधुमतीबाईंना जाग यायची. त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवायच्या, मग दोन्ही हातांनी त्याला हलवायच्या. विहिरीतून वर काढलेल्या माणसासारखा हबका घेऊन उमाकांतराव परत यायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा घोरू लागायचे. सकाळी म्हणायचे, "जयपूरच्या हवेत झोप मात्र झकास लागते." मग पेपर वाचता वाचता त्यांचा डोळा लागायचा.

हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं ते महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत. रविवारी सकाळी सभा भरली होती. यंदा पुण्याहून नाटक आणावं की मंडळातल्याच हौशी लोकांना संधी द्यावी, यावर दरवर्षीसारखा वाद चालू होता. अध्यक्षस्थानी उमाकांतराव होते आणि ते झोपले होते. माईक त्यांच्यासमोरच असल्यानं हे सभेला कळलं होतं, पण विम्याच्या कचेरीतल्या मोठ्या अधिकाऱ्याला उठवणार कोण? पहिल्या रांगेत मिलिटरी हॉस्पिटलातले डॉक्टर, कर्नल हिंदुराव मोहिते बसले होते. माईकमधलं घोरणं थांबलं तशी सभा सुखावली. कर्नलसाहेबांनी मात्र मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

चहाच्या वेळी त्यांनी मधुमतीबाईंना कोपऱ्यात गाठलं.

"वहिनी, घरीही असंच चालतं?"

"घरी माईक नसतो, एवढंच."

"घोरण्याचं नाही विचारत. मधे थांबतात, त्याचं विचारतोय."

मधुमतीबाईंनी बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती शांतता दुसऱ्या कुणीतरी ऐकली होती. त्यांना रडू आलं. मंडळाच्या चहात आलं जास्त पडलंय, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

कर्नलसाहेबांनी मग नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं. झोपेत घसा मिटतो. हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो आणि हृदयाला फुकटची हमाली पडते. दिवसा झोप येते ती त्यामुळेच. विलायतेत आता यावर एक यंत्र निघालंय. नाकावर मुखवटा लावायचा. यंत्र नळीतून हवा ढकलत राहतं आणि घसा मिटू देत नाही.

"पण रोज लावायचं, खरवंडीकर. जिथं झोपाल तिथं, चष्म्यासारखं. मनात आलं तेव्हा नाही."

"चष्मा मी फक्त ऑफिसात लावतो," उमाकांतराव म्हणाले.

"म्हणून तर समोरून आलो तरी ओळखत नाही तुम्ही!"

सगळे हसले. मधुमतीबाई हसल्या नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ अमेरिकेत होता. त्याच्याकडून यंत्रांचं माहितीपत्रक आलं आणि पाठोपाठ त्याचा फोनही. लाइनीत समुद्र वाजत होता. माहितीपत्रकात दोन यंत्रं होती. एक घरात ठेवायचं; आकारानं शिवणयंत्राएवढं, दणकट, खूप वर्षं चालणारं. दुसरं प्रवासाचं, बॅगेत मावणारं, नवीन निघालेलं. रंगनाथचा एक मित्र भारतात येणार होता. त्याच्या सामानात एकाच यंत्रापुरती जागा होती.

"ताई, कुठलं पाठवू ते लवकर सांग!" रंगनाथ समुद्रापलीकडून ओरडला.

मधुमतीबाईंच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. माणूस महिन्यातले बरेच दिवस घरी झोपतो. उमाकांतरावांच्या मते मात्र यात विचार करण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं. प्रवासाच्या यंत्राशेजारी एक गोरा गृहस्थ छापला होता. टाय लावून, हातात बॅग घेऊन तो विमानाच्या शिडीवर उभा होता आणि त्याला श्वास घ्यायला काहीच अडचण नसावी असा हसत होता.

"हे," उमाकांतराव म्हणाले.

"का?"

"अगं, मला टूर असतात. मागच्या खेपेला बिकानेरच्या रेस्ट हाउसमध्ये रीजनल मॅनेजर शेजारच्या पलंगावर होते. बिचारे रात्रभर व्हरांड्यात बसले. सकाळी मला म्हणतात, 'खरवंडीकरजी, आप तो बड़े सुखी आदमी हैं.' ड्रायव्हर हसत होता, मधू! लोकांत राहायचंय मला."

"आणि घरी?"

उमाकांतरावांना प्रश्नच कळला नाही.

"घरी काय? घरी तू आहेस ना."

हे ते अगदी विश्वासानं म्हणाले. एका परीनं तो सन्मानच होता. मधुमतीबाई उठून आत गेल्या आणि भाताच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरल्या.

यंत्र आलं. ते खरोखरच हलकं होतं. उमाकांतरावांनी ते एका हातात धरून दिवाणखान्यात फेरी मारून दाखवली. मग कळलं की ते अमेरिकेच्या विजेवर चालतं. इथल्या विजेवर लावलं तर एकदाच चालेल. चौडा रास्ता बाजारातल्या दुकानातून त्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. तो लोखंडाचा होता आणि उचलताना कंबरेचा विचार करावा लागे. माहितीपत्रकातल्या घरच्या मोठ्या यंत्रापेक्षा आता हे प्रवासाचं यंत्र जड झालं होतं. पण ते प्रवासाचं आहे असं छापलेलंच होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

पहिल्याच टूरला ते बिकानेरला गेलं. रेल्वेत ते लावता आलं नाही, कारण डब्यात प्लग नव्हता. माहितीपत्रकातल्या गोऱ्या गृहस्थानं आपल्या मीटरगेजचा विचार केलेला दिसत नव्हता. रेस्ट हाउसमध्ये प्लग होता. उमाकांतरावांनी मुखवटा चढवला, मागचे पट्टे आवळले, आणि आरशात पाहिलं. नाकाला सोंड फुटली होती. तेवढ्यात शेजारच्या पलंगावरचा ब्रँच मॅनेजर आंघोळीहून आला आणि दारातच थबकला.

"सर, ऑक्सिजन? इतनी तबियत खराब है?"

सकाळपर्यंत ही बातमी ब्रँचभर झाली. दुपारपर्यंत ती एजंटांना कळली. एका एजंटानं तर अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेबांची स्वतःची पॉलिसी चालू आहे ना?" माणसांना आयुष्याचा भरवसा विकणाऱ्या कचेरीत साहेबच ऑक्सिजनवर आहेत, हे धंद्याला बरं नव्हतं. घोरणं परवडलं असतं. घोरणारा माणूस निदान सुखी दिसतो.

त्या टूरनंतर यंत्र लोकांत वापरणं बंद झालं. घरी वापरायचं नव्हतंच, कारण ते प्रवासाचं होतं आणि घरी वापरून खराब झालं तर प्रवासात काय करणार? ते कपाटावर गेलं. फॉरेनची वस्तू धूळ खायला नको, म्हणून मधुमतीबाईंनी बगरू गावच्या ठशांच्या छापाच्या कापडाची एक खोळ शिवली आणि तिला लाल किनार लावली. पाहुण्यांचे कप, दिवाळीच्या चादरी आणि उमाकांतरावांचा श्वास, अशा चांगल्या वस्तू त्या घरात जपून ठेवलेल्या असत.

"आजच्या दिवस लावता का?" त्या अधूनमधून विचारायच्या.

"अगं, आज कुठं जायचंय?" ते म्हणायचे.

माघात त्यांची मुलगी विभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वाढली जयपुरात आणि दिली अमरावतीत, त्यामुळे तिची मराठी दोन्हीकडून हलली होती. पहिल्याच दिवशी तिनं कपाटावरची खोळ पाहिली.

"आई, हे काय आहे?"

"बाबांचं श्वासाचं यंत्र."

"मतलब, वापरत नाहीत?"

"प्रवासाचं आहे."

विभानं आईकडे नीट पाहिलं. आईच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बाबा पत्रात लिहायचे, 'राजस्थानचं ऊन तुझ्या आईला सोसत नाही.' पण आता थंडी होती.

मुलगा झाला. बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत, त्यांच्याजवळ मधुमतीबाई, आणि उमाकांतराव बाहेर दिवाणखान्यातल्या दिवाणावर, अशी व्यवस्था झाली. उमाकांतरावांचं घरातलं यंत्र, म्हणजे मधुमतीबाई, आता दुसऱ्या खोलीत झोपत होतं. झोपत होतं हे आपलं म्हणायचं. बाळ रडलं की त्या उठायच्या आणि बाहेरचं घोरणं थांबलं की धावायच्या. विभा एकदा म्हणाली, "आई, तुझ्याकडे दोन बाळं आहेत. माझं तरी बरं, ते रडतं. तुझं गप्प होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुमतीबाईंनी नवऱ्यासमोर चहा ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"मी दोन्हीकडे पुरत नाही. आता यंत्र लावा."

"लावतो, लावतो. बारसं होऊन जाऊ दे. व्याही येणारेत, दिवाणखान्यातच झोपतील. त्यांच्यासमोर मी सोंड लावून पडू? मुलीचं सासर आहे ते, मधू."

"आणि तोवर काही झालं तर?"

"एवढे दिवस काय झालं?" उमाकांतरावांनी विचारलं.

एवढे दिवस काय झालं ते सांगायला मधुमतीबाईंना तेवढेच दिवस लागले असते. बाळ रडलं म्हणून त्या आत गेल्या.

बारशाला व्याही शेषराव देशमुख आणि विहीणबाई अमरावतीहून आले. शेषराव अघळपघळ माणूस. आल्या आल्या म्हणाले, "आमचा नातू राजस्थानी होऊन राहिला बाप्पा! पाळण्यातच पगडी बांधा त्याला." सकाळी बाळाचं नाव गजानन ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, मंडळातल्या बायका पाळणे म्हणून गेल्या. जेवायला श्रीखंड होतं. शेषरावांनी आग्रह केला नि करवून घेतला. मग पुरुषमंडळी दिवाणखान्यात आडवी झाली. उमाकांतराव भिंतीकडच्या दिवाणावर, आणि दारापासून दिवाणापर्यंत अंथरलेल्या सतरंजीवर शेषराव. खोली लहान, शेषराव मोठे. वाट उरली नाही.

स्वयंपाकघरात बायकांची पंगत बसली होती. विहीणबाई पाटावर, मधुमतीबाई वाढायला. बाहेर घोरणं सुरू झालं. विहीणबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेषरावांना ते जमेना. त्यांचा आवाज आत ऐकू आला. "अगं ऐकून राहिली का? व्याही काय घोरून राहिले! ट्रॅक्टर मागं पडला."

"गप्प पडा हो!" विहीणबाई ओशाळून म्हणाल्या. "यांचं काही मनावर घेऊ नका. थोडं श्रीखंड वाढता का?"

मधुमतीबाईंनी पातेल्यात पळी घातली. तेवढ्यात घोरणं थांबलं.

"थांबले बाप्पा एकदाचे!" बाहेरून शेषराव म्हणाले. आणि सुखाचा सुस्कारा टाकून त्यांनी कूस बदलली.

घरावर छान दुपार पसरली. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरही हायसं वाटल्याचं दिसलं. त्या घरात त्या क्षणी सगळ्यांनाच बरं वाटत होतं. मधुमतीबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. त्या वाट पाहत होत्या. नेहमी थोडी वाट पाहावी लागते, मग हबका येतो, नाहीतर जावं लागतं. हबका आला नाही.

"श्रीखंड..." विहीणबाई म्हणाल्या.

पळी पातेल्यात पडली. मधुमतीबाई दिवाणखान्याच्या दारात आल्या. समोर शेषराव देशमुख, मुलीचे सासरे, सतरंजीभर पसरले होते. मधुमतीबाईंच्या घराण्यात विहिणीनं व्याह्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. झोपलेल्या माणसाला, तेही व्याह्यांना, ओलांडून जाणं हा विचारही कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. त्यांच्याही आला नाही. त्यांनी निऱ्या हातात धरल्या आणि शेषरावांच्या पोटावरून पलीकडे पाय टाकला.

उमाकांतरावांचे ओठ निळसर दिसत होते. मधुमतीबाईंनी त्यांना एकदा हलवलं. मग दोन्ही हातांनी हलवलं. मग श्रीखंडाच्या हातानं फाडकन गालावर मारलं.

"अहो! या! परत या!"

हबका आला. तो इतका मोठा होता की शेषराव उठून बसले आणि आतून विभा बाळाला घेऊन धावत आली. उमाकांतरावांनी डोळे उघडले. गालाला श्रीखंड, समोर व्याही.

"जरा डोळा लागला होता," ते म्हणाले. "चहा ठेवलाय का?"

मधुमतीबाई पुन्हा शेषरावांपाशी आल्या. या वेळी ते स्वतःच घाईघाईनं सरकले. मधुमतीबाईंनी कपाटावरून यंत्र उतरवलं, बगरूची खोळ काढून खाली टाकली, आणि त्या ट्रान्सफॉर्मर ओढायला लागल्या. तो हलेना.

"द्या इकडे, मी उचलतो," शेषराव म्हणाले. दिवाणापाशी तो ठेवून त्यांनी कंबर धरली. "काय आहे हे?"

"श्वासाचं यंत्र."

"मधू, अगं आत्ता नको, मंडळी..." उमाकांतराव म्हणाले. पुढचे शब्द मुखवट्यात गेले. मधुमतीबाईंनी मागचे पट्टे आवळले. यंत्र घूं करून चालू झालं.

"घरात असं यंत्र आहे," शेषराव हळू आवाजात म्हणाले, "आणि वर ठेवून राहिले?"

"प्रवासाचं आहे ते," विभा म्हणाली.

शेषरावांनी मुखवटा लावलेल्या व्याह्यांकडे पाहिलं. "मग निघाले कुठं होते?"

उमाकांतरावांनी डोळे मिटले. निदान एवढं त्यांना जमत होतं.

व्याही दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतले. जयपुरात काय घडलं हे तिथं लवकरच सगळ्यांना कळलं, ते असं, की विभाच्या आईनं भरदिवसा देशमुखांना ओलांडलं. का ओलांडलं हा भाग रस्त्यात कुठंतरी गळून पडला होता.

त्याच आठवड्यात बिकानेरची टूर होती. उमाकांतरावांनी बॅग भरली. यंत्र आता रोज दिवाणाशेजारी चालत होतं. आज ते त्यांनी आपण होऊन बॅगेत घातलं.

"रेस्ट हाउसमध्ये लावीन," ते म्हणाले. "कुणी काही म्हणो."

"बरं."

"गाडीत मात्र प्लग नाही."

"माहीत आहे."

"मग रात्रभर गाडीत करायचं काय?"

मधुमतीबाई बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"जागं राहायचं. मी नाही का राहिले, इतकी वर्षं?"

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर उमाकांतरावांना उत्तर देता आलं असतं. त्या साधेपणानं म्हणाल्या, वाट सांगावी तशा. उमाकांतराव तिथंच बसले. त्यांच्या खिशात चष्मा होता. तो लावून त्यांनी बायकोकडे पाहिलं. डोळ्यांखाली ते राजस्थानचं ऊन होतं.

त्यांनी रेल्वेचं पहिल्या वर्गाचं तिकीट परत केलं आणि सिंधी कॅम्पच्या बसस्थानकावरून सकाळची बस धरली. पहिल्या वर्गाचा हक्क असलेला अधिकारी भरदिवसा धुळीतून रोडवेजच्या सरकारी बसनं जातो, याचा कचेरीनं एकच अर्थ लावला. साहेब प्रवासभत्त्यात काहीतरी करतात, असं प्यूनपासून सगळे मानू लागले. खरं कारण सांगण्याचं उमाकांतरावांनी दोनदा मनावर घेतलं. मग त्यांनी विचार केला, भत्ता खाणारा माणूस निदान धडधाकट दिसतो.

ते बसमध्ये असताना, दुपारी, विभानं आईला बळंच आडवं केलं.

"आई, बाबा जागे आहेत. खिडकीत बसून धूळ खातायत. आता तू झोप. मी आहे."

मधुमतीबाई बाळाशेजारी लवंडल्या. घरात घोरणं नव्हतं आणि यंत्रही नव्हतं. ऐकायला काहीच नव्हतं. त्यांचे डोळे मिटू लागले. बाळ इवल्या छातीनं भराभर श्वास घेत होतं, भराभर, भराभर, आणि तान्ह्या बाळांचं होतं तसं ते मधेच क्षणभर थांबलं.

मधुमतीबाई उठून बसल्या. बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. श्वास केव्हाच परत आला होता. विभा म्हणाली, "आई, अगं, झोप ना." त्या "हो" म्हणाल्या, पण हात त्यांनी उचलला नाही.